अजनाल्याच्या विहिरीतील दात आणि बेवारस मृतदेहांचा मुलूख

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. पंजाबातील अजनाला येथील विहिरीत सापडलेल्या दातांवरून ती माणसे उत्तर प्रदेश, बिहार आणि बंगालकडची होती असे शास्त्रज्ञांनी कशाच्या आधारे म्हटले, ही पहिली. आणि महाराष्ट्रात रुळांलगत, खाडीत किंवा जंगलात सापडणाऱ्या बेवारस मृतदेहांचे मूळ गाव त्याच पद्धतीने शोधता येईल का, ही दुसरी. मी बावीस वर्षे न्यायवैद्यक तपासांत दातांचे काम करते आहे आणि यातला दुसरा प्रश्न मला तपास अधिकाऱ्यांइतकाच हरवलेल्या माणसांच्या नातेवाइकांनीही विचारलेला आहे, म्हणून त्याचे उत्तर आधीच स्पष्ट सांगते. दातावरून गाव कळत नाही. एखादा माणूस लहानपणी कोणत्या मुलुखात वाढलेला नाही हे मात्र पुष्कळदा खात्रीने सांगता येते, आणि अशा मुलुखांची नावे खोडत गेल्यावर जी उरतात तेवढीच आमच्या हाती असतात. अजनाल्यात मुळात दोनच पर्याय समोर होते, त्यामुळे खोडण्याचे हे काम तिथे निर्णायक ठरले. आजच्या मृतदेहाच्या बाबतीत पर्यायांची यादी फार लांब असते.

अजनाल्याची हकिगत थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण दातांनी कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले हे त्याशिवाय समजणार नाही. जुलै १८५७ च्या अखेरीस लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीतून बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या २६ व्या पलटणीचे निःशस्त्र केलेले शिपाई निसटले आणि रावीच्या काठाने जाताना पकडले गेले. अमृतसरचा डेप्युटी कमिशनर फ्रेडरिक कूपर याने १ ऑगस्टला त्यांपैकी २३७ जणांना गोळ्या घातल्या. कोंडून ठेवलेल्या बुरुजात आणखी ४५ जण गुदमरून मेले होते. या सर्व २८२ जणांची प्रेते अजनाल्याच्या एका कोरड्या विहिरीत टाकली गेली, आणि कूपरने हे सारे पुढच्याच वर्षी स्वतः लिहून प्रसिद्ध केले. २०१४ मध्ये स्थानिक लोकांनी ती विहीर उकरली. त्यांची तळमळ खरी होती, पण उत्खननाची शिस्त तिथे नव्हती. हाडे मोडली, एकमेकांत मिसळली, आणि कोणते हाड कोणत्या सांगाड्याचे हे सांगण्याची सोय उरली नाही. हाडांबरोबर नाणी आणि पदके मिळाली, तरीही ही माणसे १८५७ ची नसून १९४७ च्या फाळणीच्या दंगलीत मारली गेलेली असावीत असे मत काही जण मांडत राहिले.

म्हणजे शास्त्रापुढे आलेला प्रश्न असा होता: हे लोक आसपासच्या पंजाबातले, की शेकडो मैलांवरून आलेले पुरबिये, म्हणजे पूर्वेकडचे, गंगेच्या मुलखातले शिपाई? पंजाब विद्यापीठाचे जे. एस. सेहरावत यांच्यासह हैदराबादची सीसीएमबी (पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र), लखनौची बीरबल साहनी पुराविज्ञान संस्था आणि बनारस हिंदू विद्यापीठ येथील संशोधकांनी ५० जणांच्या मातृवंशीय, म्हणजे फक्त आईकडून येणाऱ्या, डीएनएची आणि ८५ जणांच्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या प्रकारांची) तपासणी केली आणि २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन्ही तपासण्यांचा कल गंगेच्या खोऱ्याकडे निघाला. ही माणसे पंजाबातील किंवा आजच्या पाकिस्तानातील रहिवासी नव्हती, असे त्यावरून सांगता आले. बंगालच्या पलटणींत भरती कुठून होत असे याच्याशी हे जुळते.

दातावर इतकी भिस्त का, हे आता सांगते. आपल्या शरीरातील हाड आयुष्यभर झिजते आणि नव्याने भरून निघते. बरगडीत शेवटच्या काही वर्षांचा हिशेब असतो, मांडीच्या हाडात त्याहून लांबच्या काळाचा. दाताच्या माथ्यावरचे पांढरे, काचेसारखे कठीण आवरण, म्हणजे एनॅमल, मात्र एकदा तयार झाले की पुन्हा बांधले जात नाही. ते तयार करणाऱ्या पेशी काम संपताच नाहीशा होतात. एनॅमलचा सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो आणि तो इतका घट्ट बसलेला असतो की मातीतील पाणी त्यात सहज शिरत नाही. हाड मात्र मातीत पडले की मातीचेच क्षार शोषून घेते, आणि मग माणूस कुठे वाढला याऐवजी तो कुठे पुरला गेला हेच मोजले जाण्याचा धोका असतो.

शिवाय तोंडातले सगळे दात एकाच वेळी घडत नाहीत. पहिल्या कायमच्या दाढेचा माथा जन्माच्या सुमारास घडू लागतो आणि तीन वर्षांच्या आत पुरा होतो. दुसरी दाढ साधारण तिसऱ्या ते आठव्या वर्षाच्या दरम्यान घडते. अक्कलदाढ हिरडीतून कितीही उशिरा बाहेर येवो, तिचा माथा मात्र आठ-दहा वर्षांच्या वयापासून पौगंडावस्थेपर्यंत आतल्या आत तयार होत असतो. एकाच जबड्यातील पहिली आणि तिसरी दाढ वेगवेगळ्या मुलुखांकडे बोट दाखवू लागली, तर हे मूल मध्यंतरी कुठून तरी कुठे तरी नेले गेले असे समजावे. माझ्या मते या पद्धतीत याहून मोलाची माहिती दुसरी नाही, कारण हरवलेल्या मुलांच्या आणि स्थलांतरित कुटुंबांच्या तपासात नेमकी हीच गोष्ट हवी असते.

ऑक्सिजनची खूण पिण्याच्या पाण्यातून येते. समुद्रावरून वाफ उचलली जाते, ढग जमिनीवर सरकतात आणि पाऊस पडत जातो, तसतसा जड ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजन-१८, आधी खाली येतो आणि पुढे जाणाऱ्या ढगांत तो कमी कमी होत जातो. त्यामुळे किनाऱ्यापासून दूर, उंचावर आणि थंड हवेत पडणाऱ्या पावसात व बर्फात तो कमी आढळतो, तर उन्हाने आटणाऱ्या तळ्यात तो वाढतो. मूल जे पाणी पिते त्याचे हे प्रमाण रक्तातून एनॅमलमध्ये उतरते. यात दोन खाचखळगे आहेत. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या दाढेत जड ऑक्सिजन जास्त भरतो, कारण आईच्या शरीरातून आलेले पाणी मुळातच तसे असते. म्हणून पहिल्या दाढेवरून पाण्याचा निष्कर्ष काढताना जपावे लागते आणि शक्य असेल तिथे अक्कलदाढ घ्यावी लागते. दुसरे म्हणजे दातातील आकड्यावरून पाण्याचा आकडा काढणारी जी समीकरणे वापरात आहेत, त्यांत चुकीची कक्षा मोठी असते. त्यामुळे दाताची तुलना थेट पाण्याच्या नकाशाशी न करता, ज्यांचे मूळ पक्के ठाऊक आहे अशा दुसऱ्या दातांशी करणे मला अधिक सुरक्षित वाटते.

डीएनए आणि ऑक्सिजन या दोघांची साक्ष एकमेकांपासून स्वतंत्र असते, ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे पुष्कळ गोंधळ होतो. डीएनए घराण्याविषयी बोलतो आणि दात बालपणीच्या पाण्याविषयी. दरभंग्याहून आलेल्या आईबापांचे मूल धारावीत जन्मले आणि वाढले, तर त्याचा डीएनए मिथिलेकडे जाईल आणि दात मुंबईला मिळणाऱ्या भातसा-वैतरणेच्या पाण्याकडे. दोन्ही खरे असेल. अजनाल्यात या दोन साक्षी एकाच दिशेला गेल्या, कारण एकोणिसाव्या शतकातला शिपाई आपल्या वाडवडिलांच्याच गावात, तिथल्याच विहिरीचे पाणी पिऊन आणि तिथलेच धान्य खाऊन वाढलेला असे. नुसता ऑक्सिजन असता तर मी त्या निष्कर्षावर एवढे वजन टाकले नसते. दोन्ही मिळून तो मला पटतो.

आपल्या दुसऱ्या प्रश्नासाठी स्ट्रॉन्शियम अधिक महत्त्वाचे आहे. हे मूलद्रव्य कॅल्शियमसारखेच वागते, त्यामुळे ते खडकातून मातीत, मातीतून पिकात आणि पिकातून दातात पोचते, आणि या वाटेत त्याच्या समस्थानिकांचे आपसांतले गुणोत्तर जवळपास तसेच राहते. खडकातील रुबिडियम-८७ चे अत्यंत संथपणे स्ट्रॉन्शियम-८७ मध्ये रूपांतर होत असते. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे रुबिडियम बदलायला लागणारा काळ, सुमारे ४,९०० कोटी वर्षे आहे. म्हणून खडक जितका प्राचीन आणि रुबिडियमने जितका समृद्ध, तितके स्ट्रॉन्शियम-८७ चे ८६ शी असलेले गुणोत्तर मोठे. समुद्राच्या पाण्यात ते ०.७०९२ आहे. हिमालयातील प्राचीन खडकांची झीज वाहून आणणाऱ्या गंगेत ते ०.७२ च्या पुढे जाते. आपला दख्खनचा काळा पाषाण अवघा साडेसहा-पावणेसात कोटी वर्षांचा आणि रुबिडियमने गरीब, त्यामुळे त्याचे गुणोत्तर सर्वसाधारणपणे कमी असते. हे फरक दिसायला दुसऱ्या-तिसऱ्या दशांश स्थळावरचे असले, तरी मास स्पेक्ट्रोमीटर हे अणू वजनानुसार वेगळे करून मोजणारे यंत्र पाचव्या स्थळापर्यंत विश्वासाने मोजते, त्यामुळे ते आमच्या दृष्टीने ठळक आहेत.

यातून महाराष्ट्रापुरते काय हाती लागते ते पाहा. लाव्ह्याचा हा थर सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. नाशिकचा, साताऱ्याचा, बुलढाण्याचा आणि थेट माळव्यातला माणूस एकाच प्रकारच्या दगडावर वाढलेला असतो, आणि त्यांच्यात नुसत्या स्ट्रॉन्शियमने फरक करता येत नाही. याउलट भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे, तसेच सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंत, जमीन फार प्राचीन खडकांची आहे. म्हणून पुण्याजवळ सापडलेल्या अनोळखी माणसाच्या दाढेत मोठे गुणोत्तर आढळले, तर तो देशावर वाढलेला नाही असे मी निःशंकपणे लिहीन. मात्र तो गडचिरोलीचा, झारखंडचा की गंगेकाठचा, हे लिहिण्याचे धाडस करणार नाही. तिथून पुढे ऑक्सिजन आणि कार्बन यांची मदत घ्यावी लागते.

कार्बन आहार सांगतो. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस या वनस्पती सूर्यप्रकाशावर अन्न तयार करण्याची जी पद्धत वापरतात, ती तांदूळ, गहू आणि डाळींच्या पद्धतीहून निराळी आहे, आणि त्यामुळे त्यांच्यात जड कार्बनचे प्रमाण जास्त असते. ठरलेल्या मानकाशी तुलना करता पहिल्या गटाचा आकडा साधारण उणे १२-१३ प्रति हजार, तर दुसऱ्याचा उणे २६ च्या आसपास असतो. हे अंतर मोठे आहे. जुन्या पिढीतील सोलापूर-बीडकडचा भाकरीवर वाढलेला माणूस आणि रत्नागिरीतला भातावर वाढलेला माणूस यांच्या दातांत ते उतरले पाहिजे. इथे एक बारकावा नेहमी निसटतो. भाकरी न खाणाऱ्या मुलानेही कडब्यावर पोसलेल्या म्हशीचे दूध प्यायले असेल, तर ज्वारीची खूण त्याच्या दाढेत दुधावाटे येते. शिवाय रेशनवरचा गहू-तांदूळ घरोघरी पोचल्यापासून तरुण पिढीत हे अंतर कमी होत जाणार, हे गृहीत धरावे लागते. नळाचे पाणी, बाटलीचे पाणी, परराज्यातला तांदूळ, समुद्राचे मीठ यांपैकी प्रत्येक गोष्ट मुलुखाची खूण थोडी थोडी पुसते. १८५७ च्या शिपायाचा दात वाचणे आजच्या विशीतल्या मुलाचा दात वाचण्याहून सोपे आहे, ते याच कारणाने.

दाताचे मोजमाप आज अचूक होते. गडबड होते ती ज्या नकाशावर ते ठेवून पाहायचे त्या नकाशात. डेन्मार्कमधील एग्टवेड येथे १९२१ मध्ये कांस्ययुगातील एका तरुणीचे दफन सापडले होते. २०१५ मध्ये स्ट्रॉन्शियमच्या आधारे ती मुळात दूरची, बहुधा दक्षिण जर्मनीतील असावी असे मांडले गेले आणि ते जगभर गाजले. २०१९ मध्ये दुसऱ्या डॅनिश संशोधकांनी दाखवून दिले की आधुनिक शेतीत जमिनीवर टाकलेल्या चुन्यामुळे तिथल्या ओढ्या-तळ्यांचे आकडे बदललेले आहेत. चुना न पडलेल्या जागांचे पाणी घेतले तर त्या तरुणीचे आकडे आसपासच्या मुलखातही बसू शकतात. दाताचा आकडा तोच राहिला आणि तिचे परकेपण मात्र वादात सापडले. भारताचा असा दाट, गावोगावच्या पिकांवर, पाण्यावर आणि मूळ ठाऊक असलेल्या दातांवर उभा केलेला नकाशा अजून पुरा झालेला नाही. आपल्याकडे शेतात खत आणि कालव्याचे पाणी किती फिरते हे पाहता, तो करताना हीच काळजी घ्यावी लागेल.

ही पद्धत मुळात खरी ठरते का, असेही आपण विचाराल. त्यासाठी ज्याचे आयुष्य लिखित आहे असा माणूस हवा. २०१२ मध्ये इंग्लंडमधील लेस्टर येथे वाहनतळाखाली राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा मिळाला. १४५२ मध्ये पूर्वेकडील फॉदरिंगे येथे जन्मलेल्या या राजाच्या दातांनी बालपणीचे पूर्वेकडचे वास्तव्य आणि सातव्या वर्षाच्या सुमारास पश्चिमेकडे झालेले स्थलांतर दाखवले. बरगडीतील ऑक्सिजनचा आकडा मात्र शेवटच्या वर्षांत बदललेला दिसला. याच काळात त्याचे वास्तव्य तसे दूर हलले नव्हते, म्हणून संशोधकांनी त्याचा संबंध राजा झाल्यावर वाढलेल्या मद्यपानाशी जोडला. पिण्याचे पाणी बदलल्याची खूण आणि पेय बदलल्याची खूण सारखीच दिसू शकते, हा धडा मी त्यातून घेतला.

आणि नाव मिळत नाही तेव्हा काय होते, याचे उदाहरण नॉर्वेचे आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी बर्गन शहराजवळच्या इस्दालेन दरीत एका स्त्रीचा जळालेला मृतदेह सापडला. तिच्या कपड्यांवरची लेबले काढून टाकलेली होती आणि ती खोट्या नावांनी हॉटेलांत राहिली होती. तिचा जबडा, दातांवरच्या वैशिष्ट्यपूर्ण कामामुळे, जपून ठेवला गेला होता. २०१६ पासून तपास पुन्हा सुरू झाल्यावर त्या दातांची समस्थानिक तपासणी झाली. तिचे अगदी लहानपण जर्मनीत, बहुधा न्यूरेंबर्गच्या परिसरात, आणि पुढचे बालपण फ्रान्समध्ये किंवा त्या सीमेलगत गेले असावे, असा कल निघाला. सबंध युरोपातून शोध दोन देशांपुरता आला. तिचे नाव मात्र अजून मिळालेले नाही, कारण तिला शोधणाऱ्या नातेवाइकाचा डीएनए किंवा तिच्या दंतवैद्याची नोंद समोर आलेली नाही. जबडा टिकला नसता तर एवढेही कळले नसते.

आपल्याकडे नेमके हेच घडत नाही, आणि याचे मला मनापासून दुःख होते. अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, शवविच्छेदन होते, ठराविक दिवस वाट पाहून अंत्यसंस्कार होतात, आणि दात चितेबरोबर जातात. आगीत एनॅमल तडकून उडते. पूर्ण भाजून पांढऱ्या झालेल्या हाडात स्ट्रॉन्शियम टिकते खरे, पण ऑक्सिजनचा भरवसा राहत नाही आणि डीएनए बहुधा नष्ट होतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका ठिकाणाहून तीन मृतदेहांचे चौदा सुटे दात एकाच प्लास्टिकच्या पिशवीत, ओलसर अवस्थेत, वेगवेगळ्या चिठ्ठ्यांशिवाय आले होते. खालच्या उजव्या पहिल्या दाढा तीन असल्यामुळे माणसे तीन हे निश्चित झाले, पण कोणती दाढ कोणाची हे ठरवता आले नाही. त्या तिघांपैकी एक आपला मुलगा असावा असे वाटणारी एक आई बाहेर बसून होती. तिला मी काहीही सांगू शकले नाही.

म्हणून माझे सांगणे शवागारात काम करणाऱ्यांना आणि तपास अधिकाऱ्यांना आहे. बेवारस मृतदेहावर अंत्यसंस्कार करण्यापूर्वी आधी सर्व दातांची छायाचित्रे आणि एक्स-रे घ्यावेत, कारण दंतवैद्याच्या नोंदीशी जुळवणी हाच ओळखीचा जवळचा मार्ग आहे. नंतर एकाच बाजूची पहिली दाढ आणि अक्कलदाढ काढून घ्यावी. अक्कलदाढ नसेल तर दुसरी दाढ घ्यावी. किडलेला, भरलेला किंवा टोपी बसवलेला दात टाळावा. डोक्यावरचे केस मुळाकडच्या टोकाला दोऱ्याने बांधून ठेवावेत, कारण केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो आणि शेवटच्या महिन्यांतले वास्तव्य त्यात लांबीनुसार उतरलेले असते. हे सारे फॉर्मॅलिनमध्ये किंवा प्लास्टिकमध्ये न ठेवता, कोरडे करून कागदी पाकिटात, प्रत्येक मृतदेहाचे वेगळे, नोंद क्रमांकासह ठेवावे. यासाठी थंडगार खोलीची गरज नाही. कोरडे कपाट पुरते.

मोजणीसाठी एनॅमलचे काही मिलिग्रॅम पुरतात. हिऱ्याच्या बारीक बरने, म्हणजे दात कोरण्याच्या फिरत्या टोकाने, दाढेच्या एका कडेचा पृष्ठभाग खरवडून टाकायचा आणि आतला स्वच्छ तुकडा घ्यायचा. त्यातला एक भाग नायट्रिक आम्लात विरघळवून स्ट्रॉन्शियमसाठी, दुसरा ऑक्सिजन-कार्बनसाठी. अशी यंत्रे न्यायवैद्यक प्रयोगशाळांच्या नित्य कामात नसली, तरी अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा किंवा हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांसारख्या ठिकाणी भूशास्त्राच्या अभ्यासासाठी ती आहेत. अहवाल हाती आल्यावर तपास अधिकाऱ्याने बेपत्ता व्यक्तींच्या याद्या त्यानुसार लावून घ्याव्यात आणि आधी कोणत्या जिल्ह्यांत विचारणा करायची ते ठरवावे. नमुना घेतल्यावर दाढेचा बाकीचा भाग आणि संपूर्ण मूळ तसेच राहते. ते फेकून न देता त्याच पाकिटात परत ठेवावे, कारण आणखी दहा वर्षांनी एखादा भाऊ किंवा आई समोर आली, तर डीएनए जुळवण्यासाठी लागणारा भाग त्या मुळातच असतो.